कोणाच्याही हातून

अपुऱ्या दिवसांचं बाळ काचेच्या पेटीत आहे, धाप लागलेली आहे. आईवडील ख्रिस्ती, पण फादर येईपर्यंत वेळ निघेल असं दिसत नाही. अशा वेळी ड्यूटीवरची नर्स चमचाभर साधं पाणी बाळाच्या डोक्यावरून ओघळू देते आणि म्हणते, ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते.’ झालं! कॅथलिक चर्चच्या लेखी हा पुरा बाप्तिस्मा आहे. बाळ जगलं-वाचलं तर तो पुन्हा द्यायचा नसतो. आणि नर्स हिंदू असली, मुसलमान असली तरी चालते. चर्च जे करतं तेच करायचा तिचा हेतू हवा, एवढंच. १४३९ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने हे लिहूनच ठेवलं.

मला हे थक्क करणारं वाटतं. दोन हजार वर्षांच्या धर्मसंस्थेने आपलं मुख्य दारच असं कोणाच्याही हाती सोपवावं!

बाप्तिस्मा हा एक साक्रामेंत, म्हणजे संस्कार: दिसणाऱ्या खुणेतून मिळणारी न दिसणारी कृपा. पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस अशा रोजच्या वस्तू आणि सोबत ठरलेले शब्द. कॅथलिक सात संस्कार मानतात, बहुतेक प्रोटेस्टंट बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच, आणि मुक्तिफौज तर एकही पाळत नाही. लग्नाचा संस्कार रोमच्या परंपरेत फादर देतच नाहीत. वधूवर तो एकमेकांना देतात, फादर चर्चतर्फे साक्षी असतात.

मग संस्कार खरं तर देतो कोण? या प्रश्नावर चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतलं चर्च दुभंगलं. रोमन छळाच्या काळात काही बिशपांनी जिवाच्या भीतीने धर्मग्रंथ शिपायांच्या हवाली केले होते. फुटून निघालेल्या डोनाटस पंथीयांचं म्हणणं होतं, असल्या भ्रष्ट हातांनी झालेले संस्कार फोल. हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी ते खोडून काढलं. हात कोणाचेही असोत, बाप्तिस्मा देणारा ख्रिस्तच, असं त्यांचं उत्तर. ते टिकलं म्हणून आजही कुणा भाविकाला आपल्या फादरचं चारित्र्य तपासत बसावं लागत नाही.

माणसाबाबत इतकं सैल असलेलं चर्च शब्दांबाबत मात्र कमालीचं काटेकोर आहे. ऑगस्ट २०२० मध्ये व्हॅटिकनने जाहीर केलं, की ‘मी’ऐवजी ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ म्हटलं असेल तर तो बाप्तिस्मा झालाच नाही. त्या ‘मी’मधून ख्रिस्त बोलतो, जमाव नव्हे. (ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ‘देवाच्या या सेवकाला बाप्तिस्मा दिला जात आहे’ असं म्हणतात. तिथे ‘मी’ नाहीच, तरी रोमला ते मान्य आहे.) अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका तरुण फादरनी व्हॅटिकनचा हा निर्णय वाचला आणि त्यांना आपल्या बाप्तिस्म्याचा घरचा जुना व्हिडिओ आठवला. त्यात बाप्तिस्मा देणारे डीकन (फादरच्या खालच्या पायरीचे धर्मसेवक) स्पष्ट म्हणत होते, ‘आम्ही’.

बाप्तिस्मा नाही म्हणजे पुढचा एकही संस्कार नाही. म्हणजे ते फादर नव्हतेच, कधीच नव्हते. त्याच महिन्यात त्यांना बाप्तिस्म्यापासून धर्मगुरुपदाच्या दीक्षेपर्यंत सगळे विधी नव्याने घ्यावे लागले. मधल्या तीन वर्षांत त्यांनी अर्पण केलेल्या मिस्सा आणि पापनिवेदन ऐकून दिलेली क्षमा अग्राह्य ठरली. त्यांनी बाळांना दिलेले बाप्तिस्मे मात्र ग्राह्यच राहिले, देणाऱ्याचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला नसतानाही.