घाटाचे पाणी, घाटाचा वारा

लोणावळ्याच्या वळवण धरणातले पाणी मोठ्या नळांतून घाट उतरते आणि खोपोलीच्या वीजघरात पोहोचते. टाटांनी ते वीजघर 1915 साली सुरू केले. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांच्या जिवावर मुंबईच्या गिरण्या विजेवर फिरू लागल्या. सह्याद्रीची उंची द्यायची आणि वीज घ्यायची, हा मावळचा शंभर वर्षांहून जुना व्यवहार. बॅटरीवर उडणारी अतिहलकी विमाने नेमका याच्या उलटा व्यवहार करतात: वीज द्यायची आणि उंची घ्यायची.

हा व्यवहार किती किफायतशीर आहे ते आकड्यांत पाहू. पाठीवर विजेची मोटर बांधून पॅराग्लायडर उडवणारा पायलट धरू. तो, त्याचा कापडी पंख, मोटर आणि बॅटरी मिळून वजन 120 किलो. एवढे वजन 500 मीटर नुसते उचलायला युनिटचा सहावा हिस्साही पुरे. पण पंख हवेत सतत खाली येत असतो आणि पंख्याच्या पात्यांतही निम्मी शक्ती वाया जाते. हे सगळे धरून पाच-सहा मिनिटांच्या चढाईला अर्ध्या युनिटहून थोडी जास्त वीज लागते. वळवणचे एक हजार लिटर पाणी साधारण तेवढीच उंची उतरते, तेव्हा खोपोलीला सव्वा युनिटच्या आसपास वीज मिळते. म्हणजे पाचशे लिटर पाणी घाट उतरले की एक माणूस तेवढाच वर चढू शकतो.

हिशेब स्वस्त दिसतो. अडचण आहे ती वीज सोबत वाहून नेण्याची. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे बारा युनिट ऊर्जा असते. एक किलोच्या लिथियम बॅटरी पॅकमध्ये 0.2 युनिटही जेमतेम. लहान इंजिनाने तीन चतुर्थांश ऊर्जा उष्णतेत घालवली, तरी पेट्रोल पंधरा पटींनी पुढे राहते. त्यात पेट्रोल जळेल तसे विमान हलके होते. बॅटरी रिकामी झाली तरी तिचे वजन उतरेपर्यंत तसेच राहते.

विजेच्या उड्डाणाचा सगळा इतिहास या एका अडचणीशी झुंजण्यात गेला आहे. 21 ऑक्टोबर 1973 रोजी ऑस्ट्रियातल्या वेल्स इथे हाइनो ब्रडिच्का यांनी एमबी-ई1 हे मोटर ग्लायडर निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांवर उडवले. माणसाला घेऊन विजेवर झालेले ते पहिले विमानोड्डाण. ते पाव तासही टिकले नाही. युरोपच्या नियामकाने पहिल्या विजेवरच्या विमानाला पूर्ण प्रमाणपत्र दिले ते 10 जून 2020 रोजी. स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीचे हे व्हेलिस इलेक्ट्रो दोन आसनी आहे. त्याचे कमाल वजन 600 किलो, मोटर 57.6 किलोवॉटची आणि उड्डाण सुमारे पन्नास मिनिटांचे. धावपट्टीभोवती घिरट्या घालत शिकायला एवढा वेळ पुरतो. पुण्याहून नागपूर गाठायला पुरत नाही. याच कंपनीची पेट्रोलवरची 194 हलकी विमाने भारताने 2015 साली मागवली, त्यांतली बरीचशी एनसीसीच्या छात्रांसाठी. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत ई-हंसा हे विजेवरचे दोन आसनी प्रशिक्षण विमान तयार होणार असल्याचे केंद्र सरकारने 2025 साली जाहीर केले.

मावळची गोष्ट वेगळी आहे, कारण इथे वारा फुकट आहे. कामशेतच्या आसपासच्या डोंगरांवर पॅराग्लायडिंग शिकवणाऱ्या संस्था दोन-अडीच दशकांहून अधिक काळ तग धरून आहेत. पावसाळ्यात सगळे बंद. भात कापून झाले की हंगाम उघडतो. वारा ज्या दिशेचा, त्या तोंडाचा डोंगर निवडायचा. पंख गवतावर पसरायचा, दोऱ्या एकेक करून तपासायच्या, वाऱ्याची झुळूक येताच दोन-चार पावले मागे सरकून पंख डोक्यावर उभा करायचा आणि वळून उतारावर धावायचे. डोंगराला आपटून वर चढणारा वारा एकदा पंखाला मिळाला की डोंगराच्या धारेवर तासभर तरंगता येते, ऊर्जेवर एक पैसाही न खर्चता.

मोटरवर सपाटीने अर्धा तास उडत राहायचे तर दीड युनिटच्या आसपास वीज, म्हणजे आठ किलोंच्या वर बॅटरी पाठीवर घ्यावी लागते. मावळात तिची गरज नाही. शेतातून धारेपर्यंत चढण्यापुरती चार-पाच किलोंची बॅटरी पुरते. मग मोटर बंद करावी आणि पुढचे वाऱ्यावर सोपवावे. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये विंचचा दोर जे काम करतो, तेच काम ही मोटर करते. शिवाय ती हवेत बटण दाबताच थांबते आणि दाबताच फिरते. टू-स्ट्रोक इंजिनाचा कर्णकर्कश आवाज कार्ले, भाजे, बेडसे या लेण्यांच्या परिसरात कोणालाच नको आहे. विजेच्या मोटरचा आवाज बराच कमी, पात्यांचा तेवढा उरतो.

धोके आहेतच. पवना जलाशयाजवळ उडताना पाठीवर मोटर असलेला पायलट पाण्यात पडला, तर तेच वजन त्याला खाली ओढते. लिथियम बॅटरीला मार बसला किंवा ती चुकीची चार्ज झाली, तर पेट घेते आणि ती आग सहजी विझत नाही. मोटर लावली की ते यंत्र साध्या पॅराग्लायडरच्या रांगेत राहत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) परवानग्यांचा प्रश्न उभा राहतो.

आणखी एक प्रश्न जमिनीचा. शेजारच्या मुळशी पेट्यात जमीन रीतसर ताब्यात येण्याआधीच धरणाचे खोदकाम सुरू झाले, आणि 1921 साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह पुकारला. सेनापती बापट त्याचे पुढारी. धरण झाले, वीज मुंबईला गेली, गावे पाण्याखाली गेली. विजेवरच्या पंखाला धावपट्टी लागत नाही. इंद्रायणी भाताचे कापणी झालेले खाचर पुरते. म्हणून त्या खाचराच्या मालकाशी भाडे, पिकाची भरपाई आणि उड्डाणाच्या वेळा ही बोलणी पहिला पंख उघडण्याआधी व्हायला हवीत. दोन-चार उड्डाणांचे चार्जिंग त्याच्याच घरच्या प्लगवर होऊ शकते, आणि मीटरचे पैसे पहिल्या दिवसापासून त्याच्या हातात पडायला हवेत.