जोर मागितला की मरगळते

गावात निमूट चालणारी टर्बो डिझेल गाडी कसारा घाटात पाय दाबताच मरगळते. बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली, की पुन्हा ताजीतवानी!

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा पंखा. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेत तो हवा दाबून इंजिनात कोंबतो. निवांत चालीत हा दाब जवळजवळ नसतोच. त्यामुळे दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी पाइपाची चीर किंवा सैल क्लिप तेव्हा गप्प बसते. जोर मागितला की चीर उघडते आणि हवा फुस्स! सोबत काळा धूर, फुसफुसाट.

इंजिनाचा संगणक अपेक्षित दाब आणि मिळालेला दाब सतत ताडून पाहतो. तफावत वाढली की तो ताकद छाटतो. चावी फिरवल्यावर हे बंधन बहुधा उठतं, दोष तसाच राहतो. पण उभ्या गाडीत दाब बनतच नाही, त्यामुळे तेव्हा स्कॅनरवर दाबाचे आकडे पाहून फारसं हाती लागत नाही. दुसरं कोणी चढावर गाडी चालवत असताना आकडे वाचावे लागतात. दाब कमी दिसला तर गळती, अडकलेला वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट बाजूने सोडणारी झडप) किंवा काजळीनं जाम झालेली टर्बोची कोन बदलणारी पाती. (पाती उलट बाजूला अडकली तर दाब जास्तही होतो, तरी ताकद छाटली जातेच.) दाब ठीक असेल तर डिझेल फिल्टर बघा. पेट्रोल टर्बोत संशय स्पार्क प्लगवर, कारण दाट हवेत ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं.

थेट टर्बोच बदलायला सांगणाऱ्या मेकॅनिकला आधी पाइपांत हवा भरून जोडांवर साबणाचं पाणी मारायला सांगा.