वंगण तेल बदल, क्वचित वापरातील मोटरगाडीतील

अंतर्ज्वलन-एंजिनातील वंगण तेल ठराविक अंतर कापल्यावर किंवा ठराविक काळ लोटल्यावर काढून टाकून त्या जागी नवे तेल भरण्याच्या क्रियेस तेल बदल म्हणतात. नित्य वापरातील मोटरगाडीत हा अवधी मुख्यतः किलोमीटरांत मोजला जातो. वर्षाकाठी जेमतेम काहीशे किमी. चालणाऱ्या, विशेषतः उच्च शक्तीच्या गाडीत मात्र हे माप फसवे ठरते. कारण अशा गाडीतील तेल झिजेपेक्षा मलिनतेमुळे निकामी होते आणि मलिनता अंतराच्या प्रमाणात वाढत नाही.

इंदूर संस्थानचे अधिपती यशवंतराव होळकर (दुसरे, १९०८–६१) यांनी एकोणीसशेतिशीच्या मध्यास घेतलेली ड्यूझेनबर्ग एसजे ही या संदर्भात उद्‌बोधक ठरते. ६·९ लिटर घनफळाचे, आठ सिलिंडरांचे व प्रत्येक सिलिंडरास चार झडपा असलेले तिचे एंजिन अतिभारकाच्या साहाय्याने सु. ३२० अश्वशक्ती निर्माण करीत असे. सांगाडा अमेरिकेतील, तर वरील साटा लंडनच्या गर्नी नटिंग यांनी बांधलेला होता. संस्थानिकांच्या संग्रहातील अशा गाड्यांच्या वाट्याला धाव कमी व उभे राहणे अधिक येई. या जातीच्या गाड्यांत चालकासमोरील फलकावर एक दिवा असे. गाडी सु. ७०० मैल (सु. १,१०० किमी.) चालली की, तो पेटून तेल बदलण्याची सूचना देई, विद्युत् घटमालेतील पाणी तपासण्यासाठी दुसरा दिवा होता. त्या काळी तेलाची गाळणी अपुरी असे व तेलात निर्मलक समावेशक नसत, म्हणून अवधी इतका आखूड ठेवावा लागे. ही योजना कल्पक खरी. पण दिवा महिने मोजीत नसे. तबेल्यात वर्षभर उभ्या राहिलेल्या गाडीत तो कधीच पेटणार नाही. पुढे ही गाडी अमेरिकेत गेली.

बंद डब्यातील तेल कित्येक वर्षे टिकते. मग एंजिनातील तेल न वापरता का बिघडावे? याचे उत्तर एंजिन थंड असताना होणाऱ्या ज्वलनात आहे. एक लिटर पेट्रोल जळाले असता जवळजवळ तितकेच पाणी बाष्परूपाने तयार होते. त्याचा बहुतेक भाग निष्कास नळीवाटे जातो. परंतु काही वायू दट्ट्याच्या कड्यांजवळून निसटून खालच्या तेलपात्रात उतरतात व थंड धातूवर त्यांतील बाष्पाचे पाणी होते. शिवाय थंड एंजिनास इंधनाचे प्रमाण अधिक असलेले मिश्रण द्यावे लागते. त्यातील न जळलेले पेट्रोल सिलिंडराच्या भिंतीवरून ओघळून तेलात मिसळते व तेलाची श्यानता घटते. एंजिन पुरेसा वेळ चालून तेल १००° से. च्या आसपास तापले, तर पाणी व पेट्रोल यांचा बराच भाग उडून जातो. ते न तापल्यास पाणी व ज्वलनात उत्पन्न झालेली नायट्रोजन व गंधक यांची ऑक्साइडे मिळून अम्ले बनतात. तेलातील क्षारकीय समावेशक ती उदासीन करतात. पण हा साठा मर्यादित असतो. पेट्रोल एंजिनाच्या नव्या तेलाचा एकूण क्षारक अंक सामान्यतः दर ग्रॅममागे पोटॅशियम हायड्रॉक्साइडाच्या ६ ते १० मिग्रॅ. इतका असतो. तो संपत आला की, धारव्यांतील शिसे व तांबे यांवर अम्लांचा परिणाम होऊ लागतो. भारतात एप्रिल २०२० पासून इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत दहा भागांपर्यंत खाली आल्याने हा धोका पूर्वीपेक्षा कमी झाला आहे. पाणी मात्र तितकेच तयार होते.

यावरून दिसून येईल की, दर आठवड्याला गाडी उभ्या जागी पाच-दहा मिनिटे चालू ठेवण्याची रूढ पद्धत अपायकारक आहे. पाणी तापल्याचे दर्शक लवकर वर चढते, पण तेल त्याच्या बरेच मागे राहते. म्हणून प्रत्येक वेळी तेलात पाण्याची भर पडते व ते उडून जात नाही. झाकणाखाली साचणारा पिवळसर, सायीसारखा थर हे त्याचे लक्षण होय. गाडी चालू करावयाची तर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर न्यावी, नाहीतर मुळीच चालू करू नये, हे अधिक श्रेयस्कर.

उच्च शक्तीच्या एंजिनात हे दोष अधिक महाग पडतात. त्यांतील अंतरे सूक्ष्म, धारव्यांवरील दाब मोठे व तेल पुष्कळदा वेगळ्या टाकीत साठविलेले असते. दीर्घकाळ उभ्या गाडीत कॅमदंडावरील तेल निथळून जाते व सुरुवातीच्या काही सेकंदांत धातूवर धातू घासतो. जुन्या एंजिनांतील सपाट तळाच्या झडप-उचलकांना जस्त व फॉस्फरसयुक्त समावेशकाची गरज असते. २००४ च्या सुमारास आलेल्या मानकांनी पातळ श्रेणींच्या तेलांतील फॉस्फरस ०·०८ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले. त्यामुळे नव्यातले नवे तेल जुन्या गाडीस चांगलेच असते, असे नाही.

हवामानाचा वाटा ज्वलनाच्या मानाने थोडा असला, तरी उपेक्षणीय नाही. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील इस्लापूरसारख्या ठिकाणी उन्हाळा प्रखर व पावसाळा दमट असतो. एंजिनातील हवा दिवसा प्रसरण पावते व रात्री आकुंचन पावून बाहेरची ओलसर हवा आत घेते. शर्यतीच्या धर्तीची गाडी तेथे विरळाच. पण कापूस व सोयाबीन यांच्या हंगामात राबून नंतर गोठ्याशेजारी उभा राहणारा ट्रॅक्टर याच नियमाखाली येतो. त्याचा तेल बदल तासांत मोजतात (अनेक ट्रॅक्टरांत सु. २५० तास), आणि तास न भरल्याने काळे तेल तसेच पुढील हंगामापर्यंत राहते.

प्रचलित मोटरगाड्यांचे निर्माते बहुधा अंतर व काळ अशा दोन्ही मर्यादा देतात, उदा., १०,००० किमी. किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. क्वचित वापरात वर्षाची मर्यादा पाळणे इष्ट. एक मुद्दा मात्र नेहमी दुर्लक्षिला जातो : तेल गाडी बाहेर काढताना नव्हे, तर दीर्घकाळ उभी करण्यापूर्वी, एंजिन गरम असतानाच व गाळणीसह बदलावे, म्हणजे अम्लयुक्त तेल धारव्यांवर महिनोन्‌महिने राहत नाही. गाडी दर वेळी पुरेशी तापविली जात असल्यास वर्षाचा नियम काहीसा सावधच म्हणावा लागेल. अशा वेळी तेलाचा नमुना तपासून श्यानता, पाणी, मिसळलेले इंधन, क्षारक अंक व लोहकण यांवरून निर्णय घेता येतो. दुर्मिळ एंजिनाच्या बाबतीत हा खर्च क्षुल्लक ठरतो.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार अशी नोंदणी झालेली गाडी रस्त्यावर नित्य चालविता येत नाही. प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांपुरतीच ती नेता येते. म्हणजे या गाड्यांचा अल्प वापर आता कायद्यानेच ठरला आहे. काढलेले तेल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक अपशिष्टांत मोडते. ते जमिनीवर वा नाल्यात न ओतता पुनःशुद्धीकरणासाठी अधिकृत संकलकाकडे द्यावे लागते. [→ अंतर्ज्वलन-एंजिन, वंगण व वंगणक्रिया].