अधिकाराविना प्रभाव : स्थानिक चेंबर ऑफ कॉमर्स आणि शहराचा विकास
(पुण्याच्या मराठा चेंबरच्या संदर्भात)

प्रस्तावना

शहराच्या विकासाची चर्चा होते तेव्हा महानगरपालिका, विकास आराखडा, राज्य शासन आणि औद्योगिक विकास महामंडळ यांचा विचार प्रामुख्याने केला जातो. स्थानिक चेंबर ऑफ कॉमर्सचा उल्लेख झालाच तर तो अर्थसंकल्पानंतरच्या प्रतिक्रियांपुरता होतो. वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकांतही 'व्यापारी संघटनांची कार्ये' या मथळ्याखाली सहा-सात मुद्दे येतात आणि प्रकरण संपते. अशा संघटनेला कर लावण्याचा अधिकार नसतो, आदेश काढण्याचा नसतो, भूसंपादनाचाही नसतो. तरीही काही शहरांच्या जडणघडणीत तिचा हात स्पष्टपणे दिसून येतो. हा प्रभाव कोठून येतो आणि तो कोणाच्या हितासाठी वापरला जातो, या दोन प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात पुण्याच्या मराठा चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्रीज अँड ॲग्रिकल्चर या संस्थेच्या संदर्भात केले आहे.

मुंबईचा नमुना : कायद्याने दिलेल्या जागा

पुण्याचे वेगळेपण ध्यानात येण्यासाठी प्रथम मुंबईकडे पाहणे आवश्यक आहे. बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना १८३६ साली झाली. तिच्यावर युरोपीय व्यापारी पेढ्यांचे वर्चस्व होते आणि वसाहतकालीन शासनाने तिला शहराच्या कारभारात थेट स्थान दिले. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट अस्तित्वात आला आणि त्याच्या विश्वस्तांत चेंबरचे प्रतिनिधी बसू लागले. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यानुसार बहात्तर सभासदांपैकी दोन सभासद चेंबर निवडून देत असे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टवरही चेंबर आणि गिरणीमालकांचा संघ यांना प्रत्येकी एक जागा होती. शहरातील दाट वस्त्या पाडून नवे रस्ते कोठून काढावेत हे ठरवणाऱ्या मंडळावर त्या वस्त्यांतील रहिवाशांचा स्वतंत्र प्रतिनिधी नव्हता, व्यापाऱ्यांचा मात्र होता. भारतीय व्यापाऱ्यांनी १९०७ साली इंडियन मर्चंट्स चेंबर स्थापन केले, त्यामागे ही विषमताही होती.

पुढे प्रौढ मताधिकार आला आणि महापालिकेतील अशा राखीव जागा लोपल्या. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९२) नगर प्रशासनाचे विशेष ज्ञान असलेल्या व्यक्तींना नामनिर्देशनाने सभागृहात घेण्याची मुभा दिली, परंतु त्यांना मताधिकार नाही आणि ती मुभा व्यक्तींना आहे, संघटनांना नव्हे. तात्पर्य, आजचे चेंबर शहराच्या कारभारात जे काही करते ते सभागृहाबाहेर राहूनच करते.

पुणे : हक्काची जागा नसताना

मराठा चेंबरची स्थापना १९३४ साली अ. रा. भट यांच्या पुढाकाराने झाली. नावातील 'मराठा' हा शब्द प्रदेशवाचक आहे, जातिवाचक नव्हे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे लागते. त्या काळचे पुणे प्रामुख्याने शिक्षणसंस्था, सरकारी कचेऱ्या, लष्करी छावणी आणि पेन्शनर यांचे गाव होते. तांबट आळीतील भांडी, हातमाग आणि बाजारपेठ यांपलीकडे, खडकीचा दारूगोळा कारखाना वगळता, मोठे उद्योग मोजकेच होते. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीतून या अर्थव्यवस्थेचे सविस्तर चित्र पुढे मांडले गेले. चेंबरनंतर अवघ्या एका वर्षाने, १९३५ साली, बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी झाली. फर्ग्युसन महाविद्यालयात अर्थशास्त्राचे अध्यापन केलेले प्रा. वामन गोविंद काळे हे तिचे एक संस्थापक होते. भांडवलाची वाण आणि उद्योजकांना एकत्रित आवाज नसणे, या दोन्ही उणिवा एकाच काळात जाणवत होत्या असे यावरून दिसते.

स्वातंत्र्यानंतर पिंपरी-चिंचवड पट्ट्यात उद्योग यावेत यासाठी चेंबरने पन्नास आणि साठच्या दशकांत सातत्याने पाठपुरावा केला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले आणि जमीन, रस्ते व पाणी यांची सोय असलेली औद्योगिक क्षेत्रे उभी राहू लागली. पिंपरी-चिंचवडला नगरपालिका मिळाली १९७० साली आणि महानगरपालिका १९८२ साली. येथे आधी कारखाने आले, मग कामगार आले आणि सर्वांत शेवटी शहराचे प्रशासन आले. या उलट्या क्रमाचे परिणाम घरबांधणी, सांडपाणी आणि वाहतूक या तिन्ही बाबतींत पुढील पिढ्यांनी भोगले. याचा दोष एकट्या चेंबरच्या माथी मारता येणार नाही. तथापि उद्योगांसाठी जमीन मागणारा संघटित आवाज होता आणि कामगारांच्या घरांसाठी तितका संघटित आवाज नव्हता, ही वस्तुस्थिती नोंदवणे आवश्यक आहे.

कार्यपद्धती

चेंबरची दैनंदिन कामे बाहेरून रूक्ष वाटतात. निर्यातदाराला परदेशी ग्राहक वा तेथील सीमाशुल्क खाते 'माल भारतातच तयार झाला' असा दाखला मागते. सवलतीच्या करदराशी संबंध नसलेले हे उत्पत्ति-प्रमाणपत्र, अर्थात सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, देण्यासाठी परकीय व्यापार महासंचालनालय ज्या संस्थांना प्राधिकृत करते त्यांत चेंबरांचा समावेश होतो. बीजक, पॅकिंग लिस्ट आणि उत्पादनाचा तपशील तपासून दाखला दिला जातो. हे काम आता संगणकीय मंचावर होते, पण त्याचा गाभा बदललेला नाही : शासनाने विश्वासाचे एक काम व्यापाऱ्यांच्याच संस्थेवर सोपवले आहे. भोसरीतल्या लहान कारखानदाराला चेंबरची गरज प्रथम बहुधा अशाच एखाद्या कागदासाठी भासते.

याहून महत्त्वाचे काम सामाईक सुविधांचे आहे. पुण्यातील वाहन उद्योग सुट्या भागांच्या शेकडो लहान पुरवठादारांवर उभा आहे. मोठ्या कंपनीला मापाच्या अचूकतेचा आणि चाचणीचा अहवाल हवा असतो, पण त्यासाठी लागणारी यंत्रे विकत घेणे वीस-पंचवीस कामगारांच्या वर्कशॉपला परवडत नाही. शिवाय ती वर्षातील बहुतेक दिवस पडून राहतील. बाजारव्यवस्था अशी गुंतवणूक आपोआप करत नाही, कारण लाभ अनेकांचा आणि खर्च एकाचा असतो. केंद्र शासनाने २००३ साली औद्योगिक पायाभूत सुविधा उन्नतीकरण योजना सुरू केली. तिच्या आधारे मराठा चेंबर, पिंपरी-चिंचवड महानगरपालिका आणि उद्योजक यांच्या सहभागातून चिंचवड येथे ऑटो क्लस्टर उभे राहिले. तेथे चाचणी, मापन-उपकरणांची पडताळणी, नमुना तयार करणे आणि प्रशिक्षण या सोयी शुल्क देऊन मिळतात. केंद्राचा निधी, महापालिकेचा सहभाग आणि परस्परांचे स्पर्धक असलेल्या कारखानदारांची गुंतवणूक या तीन गोष्टी एका संस्थेत आणायच्या तर तिघांचाही भरवसा असलेला मध्यस्थ लागतो. चेंबरचा खरा उपयोग येथे दिसून येतो. निवेदने देणे त्या मानाने सोपे असते.

माहिती हे चेंबरचे आणखी एक साधन होय. २०२० च्या टाळेबंदीत किती कारखाने सुरू आहेत, कामगारांची उपस्थिती किती आहे आणि उत्पादन कितपत पूर्वपदावर आले आहे, याची पाहणी मराठा चेंबर सभासद उद्योगांकडून नियमितपणे करत होते. याच काळात पुण्यातील दोन्ही महापालिका, रुग्णालये, उद्योग आणि स्वयंसेवी संस्था यांना जोडणारा पुणे प्लॅटफॉर्म फॉर कोविड-१९ रिस्पॉन्स हा मंच चेंबरच्या समन्वयाने कार्यरत झाला. २०२१ च्या एप्रिलमध्ये प्राणवायूची टंचाई निर्माण झाली, तेव्हा 'मिशन वायू' या उपक्रमातून परदेशातून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणून ते रुग्णालयांपर्यंत पोहोचवण्यात आले. खरेदी, वाहतूक आणि सीमाशुल्क यांची सवय असलेल्या लोकांचे जाळे हाताशी असल्यामुळेच हे शक्य झाले. निविदाप्रक्रियेने बांधलेल्या शासकीय यंत्रणेला इतकी त्वरा करता आली नसती.

हित कोणाचे?

चेंबर सभासदांच्या वर्गणीवर चालते, मग त्याचे कार्य सार्वजनिक हिताचे कसे मानावे? हा प्रश्न न्यायालयांपुढे आयकराच्या निमित्ताने आला. मद्रास येथील आंध्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या इमारतीच्या भाड्यावर कर लागतो काय, असा वाद होता. साठच्या दशकाच्या मध्यास सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, व्यापार-उद्योगाचे संवर्धन हे सर्वसाधारण लोकोपयोगी उद्दिष्ट आहे आणि त्यातून सभासदांना लाभ होतो एवढ्यावरून ते तसे राहत नाही असे नव्हे. कायदा मात्र पुढे सावध झाला. २००८ च्या वित्त कायद्याने आयकर कायदा, १९६१ मधील व्याख्येला परंतुक जोडून, व्यापारी स्वरूपाची वा व्यापाराला शुल्काने सेवा देणारी कामे 'धर्मादाय' या संज्ञेतून वगळली. त्यानंतर पैशाची मर्यादा आली, मग एकूण जमेच्या वीस टक्क्यांची आली. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सेवेचे शुल्क खर्चाच्या आसपास आहे की त्याहून बरेच अधिक, ही कसोटी सांगितली. कसोटी हिशेबाची असली तरी तिच्यामागचा प्रश्न आंध्र चेंबरच्या वेळचाच आहे.

पुण्यात तो पुरंदरच्या विमानतळाच्या संदर्भात तीव्र होतो. लोहगावचा तळ हवाई दलाचा आहे. तेथील नवी प्रवासी इमारत २०२४ साली सुरू झाली तरी धावपट्टीच्या मर्यादा कायम राहिल्या. त्यामुळे स्वतंत्र मोठ्या विमानतळाची उद्योगजगताची मागणी अनेक वर्षांची आहे आणि निर्यातीच्या दृष्टीने ती रास्तही आहे. दुसऱ्या बाजूला, २०१६ साली पुरंदरची जागा पुढे आल्यापासून तेथील गावांचा विरोधही कायम राहिला. अंजीर आणि सीताफळाच्या बागा असलेला हा तालुका आहे. चेंबरच्या नावात 'ॲग्रिकल्चर' हा शब्द आहे, परंतु अशा प्रसंगी शहराचे हित आणि तालुक्याचे हित एकच आहे असे गृहीत धरता येत नाही. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि दीर्घकाळ प्रशासकीय राजवट राहिली. निवडून आलेले सभागृह नसताना आयुक्तांच्या दालनात कोणाचे म्हणणे सहज पोहोचते, हे अभ्यासण्याजोगे आहे.

दुसरा ताण चेंबरच्या अंतर्गत आहे आणि त्याची चर्चा फारच कमी होते. माल घेणारी मोठी कंपनी आणि तो पुरवणारा लघुउद्योजक हे दोघेही त्याच संस्थेचे सभासद असू शकतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उपक्रमांची बिले कमाल पंचेचाळीस दिवसांत चुकती करावी लागतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. असे असूनही पुरवठादार सुविधा परिषदेकडे तक्रार करण्यास कचरतो, कारण तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाते. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकर तरतुदीने या कायद्याची मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला प्रत्यक्ष रक्कम देईपर्यंत त्या खर्चाची वजावट नाकारली. तेव्हा काही व्यापाऱ्यांनी नोंदणी नसलेल्यांकडून माल घेण्याची भाषा केली. कायदा जेथे लंगडा पडतो तेथे दोघांनाही ओळखणाऱ्या संस्थेची मध्यस्थी उपयोगी पडू शकते. परंतु त्यासाठी चेंबरला थकबाकीदार सभासदाला तो थकबाकीदार आहे हे सांगावे लागेल, आणि पुष्कळदा तोच सर्वाधिक वर्गणी भरणारा असतो.