कोलेस्टेरॉलची गोळी आणि यकृताची काळजी

"ही गोळी वर्षानुवर्षे घेतली तर लिव्हर खराब होणार नाही ना?" धर्मग्रामातील आरोग्य शिबिरांत ज्येष्ठ मंडळींकडून हा प्रश्न हमखास विचारला जातो. काही जण तर विचारण्याआधीच गोळी बंद करून मोकळे झालेले असतात. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या अथवा स्टेंट बसविलेल्या रुग्णाने असे करणे जिवावर बेतू शकते. म्हणून या भीतीत तथ्य किती, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

ही भीती अगदीच निराधार नाही. शरीरातील बरेचसे कोलेस्टेरॉल यकृतातच तयार होते. ॲटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन आदी 'स्टॅटिन' वर्गातील औषधे तेथील ही निर्मिती रोखतात. मग यकृत रक्तातील एलडीएल, म्हणजेच घातक कोलेस्टेरॉल, अधिक प्रमाणात ओढून घेते. औषधाचे कार्यक्षेत्रच यकृत असल्यामुळे प्रारंभी वैद्यकशास्त्रानेही सावध पवित्रा घेतला होता. या वर्गातील पहिले औषध लोव्हास्टॅटिन १९८७ साली अमेरिकेत विक्रीस आले. तेव्हापासून रुग्णांच्या यकृताची ठरावीक काळाने तपासणी करावी, अशी सूचना असे. २०१२ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ती सूचना मागे घेतली. यकृताला गंभीर इजा होण्याचे प्रकार अतिशय विरळ असून नियमित चाचण्यांनी ते टळत नाहीत, असे अनुभवांती दिसून आले होते. आता औषध सुरू करण्यापूर्वी एकदा आणि पुढे लक्षणे दिसल्यास चाचणी करावी, असा सल्ला दिला जातो.

रक्ताच्या अहवालात 'एसजीपीटी'चा आकडा थोडा वाढलेला दिसला की घरात धास्ती पसरते. वास्तविक ही किंचित वाढ बहुधा पहिल्या काही महिन्यांत होते आणि पुष्कळदा गोळी चालू असतानाच ओसरते. आकडा सामान्य मर्यादेच्या तिपटीहून अधिक झाला आणि तसाच राहिला, तर डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात. हे प्रमाण शेकड्यात सुमारे एक किंवा त्याहूनही कमी आहे. फॅटी लिव्हर असलेल्यांनाही स्टॅटिन सहसा देता येते; उलट अशा रुग्णांना हृदयविकाराचा धोका अधिक असल्याने त्यांना त्याची गरजच असते. मात्र यकृताचा तीव्र विकार किंवा बळावलेला सिरॉसिस असल्यास हे औषध टाळले जाते.

खरी चिंता वाटते ती निराळ्याच गोष्टींची. आपल्याकडे लग्नसमारंभात आणि सणासुदीला मद्याचा पेला नाकारणे कठीण जाते, हे मान्य करावयास हवे. परंतु दोष मात्र गोळीच्या माथी मारला जातो. काढे व चूर्णे 'नैसर्गिक' म्हणून डॉक्टरांपासून लपविली जातात. कोविडच्या काळात गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला होता, तरीही सावधगिरी बाळगणे इष्ट. क्षयरोगाच्या काही औषधांनीही यकृतावर ताण येतो. तेव्हा घरात घेतली जाणारी प्रत्येक गोळी, काढा आणि चूर्ण यांची चिठ्ठी करून ती डॉक्टरांना दाखवावी.

डोळे वा त्वचा पिवळी दिसणे, लघवी गडद होणे, अन्नावरची वासना उडणे, असाधारण थकवा किंवा पोटाच्या उजव्या वरच्या बाजूस दुखणे, यांपैकी काही जाणवल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. अशी लक्षणे नसताना केवळ ऐकीव गोष्टींवरून गोळी थांबवू नये.