सॉसेजची जत्रा: गिऱ्हाइकाचेच हात मसाल्यात घाला!

आज जरा लांबच्या जत्रेला जाऊ. हंगेरीच्या आग्नेय कोपऱ्यात, रोमानियाच्या सीमेजवळ बेकेशचाबा नावाचं एक छोटं शहर आहे. १९९७ पासून तिथे थंडीच्या तोंडावर, ऑक्टोबरमध्ये, सॉसेजचा महोत्सव भरतो. डुकराच्या मांसाच्या या सॉसेजला तिकडे 'कोलबास' म्हणतात. तुम्ही शाकाहारी असाल तरी पुढे वाचा, मुद्दा लोणची-पापडवाल्यांच्याही कामाचा आहे.

आपल्याकडच्या महोत्सवात काय होतं? स्टॉलचं भाडं भरायचं, टेबलामागे उभं राहायचं, चव द्यायची आणि "एवढं महाग का?" हे दिवसभर ऐकायचं. चाबाला गेलात तर तिथेही विक्रीचे स्टॉल दिसतील. पण खरी गर्दी असते लांबलचक टेबलांपाशी. तिथे संघांची कोलबास बनवायची स्पर्धा चालते. कुणी घरचे लोक मिळून येतात, कुणी ऑफिसातले, कुणी नुसतेच मित्र. संघ प्रवेश फी भरतात, त्यांना मांस मिळतं आणि मग बाह्या सरसावून कामाला लागायचं. मीठ, लसूण, जिऱ्यासारखं दिसणारं कॅरवे आणि भरपूर पाप्रिका, म्हणजे त्यांची लाल मिरचीपूड. हाताने मळायचं, आतड्यात भरायचं, मग परीक्षक चव बघतात. गोव्याच्या चोरिसमध्ये व्हिनेगरचा आंबटपणा असतो, इथे राज्य पाप्रिकाचं. सोबत पालिंका नावाची फळांची कडक दारूही असतेच. थंडी आहे ना!

आता धंद्याच्या नजरेने बघा. जो माणूस पैसे देऊन गार मांस मळायला उभा राहतो, तो शेजारच्या स्टॉलवर तयार कोलबास घेताना त्यात किती मेहनत आहे हे हातानेच जाणतो. त्याला समजावायला पोस्टर लागत नाही.

ही काही कुणा कंपनीने काढलेली आयडिया नाही. फ्रिज नव्हते तेव्हा डुक्कर थंडीतच कापायचं. त्या दिवसाला 'दिस्नोतोर' म्हणतात. पहाटेपासून नातेवाईक, शेजारी मदतीला येतात. संध्याकाळी जेवण होतं आणि शेजाऱ्यांना चवीपुरता वाटा पाठवतात. त्याला शब्दच आहे 'कोश्तोलो', म्हणजे चव बघायला दिलेलं. महोत्सवाने अंगणातलं हे काम मोठ्या मांडवात आणलं, एवढंच.

पण स्पर्धेत बनतं ते ताजं कोलबास. स्टॉलवर लटकलेलं सुकं कोलबास आधीच बनलेलं असतं. ते धुरावर धरायचं, मग टांगून सुकवायचं. जाड प्रकाराला तर कित्येक आठवडे लागतात. तोवर तुमचा पैसा छताला टांगलेला! शिवाय सुकताना साधारण एक तृतीयांश वजन पाण्यासोबत उडून जातं. हिशोब करून बघा: समजा कच्चा माल ३०० रुपये किलो पडला, तर सुकल्यावर तोच ४५० ला पडतो. मजुरी, धूर, जागा आणि अडकलेल्या पैशाचं व्याज अजून धरलेलंच नाही. कुरडया, सांडगे, आंबापोळी करणाऱ्या ताईंनो, कागद-पेन घ्या आणि आपला माल सुकण्याआधी आणि सुकल्यावर एकदा तोलून बघा. भाव ओल्या वजनावर काढत असाल, तर दर किलोमागे खिशातून भरताय.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. चाबापासून जेमतेम १५ किलोमीटरवर ग्युला नावाचं दुसरं गाव आहे. त्यांचंही कोलबास प्रसिद्ध, १९३५ च्या ब्रसेल्स प्रदर्शनात गौरवलेलं. बाहेरच्या माणसाला दोन्ही सारखीच वाटतील. पण 'चाबाचं' आणि 'ग्युलाचं' ही दोन्ही नावं युरोपियन युनियनमध्ये वेगवेगळी संरक्षित आहेत. ठरलेल्या भागात, ठरलेल्या पद्धतीने बनवलं तरच ते नाव लावता येतं. कुणीही उठून वेष्टनावर ते छापू शकत नाही.

आपल्याकडे कोल्हापूरच्या गुळाला असंच जीआय मानांकन आहे. पण गावाच्या नावाला मानांकन मिळालं म्हणजे तुमचं काम झालं असं नाही. ते वापरण्यासाठी उत्पादकाने स्वतःची 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी करायची असते. तुमच्या भागातल्या मालाला जीआय असेल आणि तुम्ही अजून नोंदणी केली नसेल, तर त्या नावाने विकणारा दुसराच कुणीतरी असेल.

आणि हो, हात घालायला लावायचं म्हणजे हातमोजे, टोप्या, पाणी, स्वच्छ टेबल हा खर्च आलाच. मसालेवाल्यांना हे सर्वात सोपं: एक खलबत्ता, भाजलेले खडे मसाले आणि गिऱ्हाईक स्वतः कुटतंय. कुटलेलं पुडीत बांधून घरी न्यायला द्या. पैसे मात्र आधी घ्या, चाबातही फी आधीच भरावी लागते.