कल्पनेतले फॉर्मोसा आणि खरे फॉर्मोसा

१७०३ सालच्या अखेरीस लंडन शहरात एक गोरा तरुण येऊन दाखल झाला. आपले नाव जॉर्ज साल्मानाझार, आपण चीनच्या किनाऱ्यालगतच्या फॉर्मोसा बेटाचे रहिवासी, असे तो सांगे. फॉर्मोसा म्हणजे आजचे तैवान. जेझुइट पाद्र्यांनी आपल्याला फसवून फ्रान्सात आणले, पण त्यांचा कॅथलिक पंथ आपण स्वीकारला नाही आणि अखेर इंग्लंडच्या चर्चचा बाप्तिस्मा स्वखुशीने घेतला, ही त्याची कहाणी. यातला बाप्तिस्मा तेवढा खरा. स्वारी युरोपाबाहेर कधी गेलेलीच नव्हती. बहुधा दक्षिण फ्रान्समधली असावी. नावसुद्धा बायबलातल्या एका असिरियन राजाच्या नावावरून बेतलेले होते.

एखादी थाप कोणीही मारतो. अख्खा समाज रचायचा म्हणजे मात्र राजा हवा, रयत हवी, नाणी हवीत, आणि सर्वांत अवघड म्हणजे भाषा हवी. साल्मानाझारने हे सारे रचले आणि १७०४ साली त्याचा भलाथोरला ग्रंथ लंडनमध्ये छापला. त्यात राजा, राणी, सुभेदार, सेनापती, नागरिक, खेडूत अशा एकेका दर्जाच्या पोशाखाची चित्रे आहेत. नाण्यांची चित्रे व किंमती आहेत. दरसाल देवाला अठरा हजार मुलगे बळी देतात, असेही त्यात आहे. फॉर्मोसाचा माणूस इतका गोरा कसा, असे कोणी विचारले तर उत्तर तयार असे : आमच्याकडची बडी मंडळी उन्हाळाभर जमिनीखालच्या थंडगार दालनांत राहतात, काळे होतात ते उन्हात राबणारे. समाजातली उच्चनीचता कातडीच्या रंगाला अशी जोडून दिली की लंडनच्या सरदारवर्गाला ती सहज पटली!

भाषेचा थाट याहून मोठा. वीस अक्षरांची वर्णमाला, लेखन उजवीकडून डावीकडे. क्रियापदाचा काळ स्वरावरून ओळखायचा. भूतकाळाला आवाज चढवायचा, भविष्यकाळाला उतरवायचा. या भाषेत त्याने ख्रिस्ती प्रार्थनेचे भाषांतर केले आणि लंडनच्या बिशपसाठी धर्मप्रश्नोत्तरीही उतरवून दिली. पुढे त्याला काही महिने ऑक्सफर्डला ठेवण्यात आले.

ही लबाडी एका माणसाने फार आधीच ओळखली होती. हॉलंडमध्ये भेटलेल्या विल्यम इनेस नावाच्या पाद्र्याने त्याला सिसेरोचा एक उतारा फॉर्मोसी भाषेत लिहायला दिला. तो कागद बाजूला ठेवून तोच उतारा पुन्हा लिहायला सांगितले. दोन्ही कागद ताडून पाहिले तर निम्म्याहून अधिक शब्द वेगळे! इनेसने काय करावे? त्याने त्याला उघडे पाडले नाही. यापुढे अधिक जपून राहा, अशी समज दिली, बाप्तिस्मा दिला आणि त्या शिष्याच्या बळावर स्वतःची बढती साधली. आमच्या मते या प्रकरणातला खरा गुन्हेगार हाच.

साल्मानाझारचा एक नियम होता. एकदा तोंडातून गेलेली गोष्ट, ती कितीही अचाट असो, मागे घ्यायची नाही. ते अठरा हजार मुलगे याच नियमाने ग्रंथात शिरले आणि तिथेच राहिले. रॉयल सोसायटीत ज्योतिर्विद हॅली यांनी त्याला विचारले की तुमच्या बेटावर सूर्य धुराड्यातून सरळ खाली चुलीवर दिसतो काय? कर्कवृत्त त्या बेटातून जाते. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी सावली पायाखाली येते, त्याच जातीचा हा प्रश्न. साल्मानाझार आधी ‘नाही’ म्हणाला, आणि अडचण ध्यानात येताच म्हणाला, आमची धुराडी वाकडी असतात.

आता गंमत पाहा. ज्या १७०४ साली हा ग्रंथ निघाला, त्याच साली लंडनमध्येच प्रवासवर्णनांच्या एका संग्रहात कँडिडियस या पाद्र्याच्या फॉर्मोसावरील टिपणाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. हा गृहस्थ १६२७ साली डचांच्या बरोबर तिथे गेला आणि सिराया लोकांच्या गावांत राहिला. तो लिहितो की या लोकांना राजाच नाही. प्रत्येक गाव आपापले. गावाचे काम बारा जणांची पंचायत पाहते, आणि ती ठराविक मुदतीने बदलते. मालक-नोकर असा भेद नाही. मान वयाला, वडीलधारे माणूस वाटेत भेटले तर धाकट्याने बाजूला सरून, पाठ फिरवून, ते पुढे जाईपर्यंत उभे राहायचे. व्यापार म्हणाल तर हरणांची कातडी द्यायची आणि मीठ, लोखंड, कापड घ्यायचे. १६३८ साली दीड लाखाच्या आसपास कातडी जपानला गेली. पुढे डच कंपनी एकेका गावाशी व्यापार करण्याचा मक्ता लिलावाने चिनी व्यापाऱ्यांना देऊ लागली.

साल्मानाझारने कँडिडियसला आपल्या ग्रंथात खोडून काढले. राजाशिवाय माणसे राहतील कशी, हा त्याचा मुद्दा. आणि वाचकांना तोच पटला.

भाषेचा पडताळाही हाताशी होता. १६६१ साली अ‍ॅमस्टरडॅमला ग्रॅव्हियसने सिराया भाषेतील मॅथ्यूचे शुभवर्तमान शेजारी डच मजकूर देऊन छापले होते. या भाषेत डोळ्याला ‘माता’ आणि पाचाला ‘रीमा’ म्हणतात. मलायी भाषेत ‘माता’ आणि ‘लिमा’. आपला ‘पाच’ आणि गुजराती ‘पांच’ शेजारी ठेवावे तसे हे आहे. खऱ्या भाषेला नातेवाईक असतात, आणि सिरायाचे तर मादागास्करपासून हवाईपर्यंत पसरले आहेत. साल्मानाझारच्या भाषेला कोणी नव्हते. पण दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहणारा त्या काळी भेटला नाही.

साल्मानाझार पुढे सुधारला. हिब्रू शिकला, लेखनावर पोट भरू लागला. १७४७ साली एका भूगोलग्रंथात त्याने फॉर्मोसावर लिहिताना आपली लबाडी कबूल केली. उतारवयात डॉ. जॉन्सन त्याच्याजवळ जाऊन बसत आणि त्याला फार मानीत. १७६३ साली तो वारला. आत्मवृत्त मागाहून छापले गेले. त्यातही खरे नाव त्याने सांगितलेले नाही.

आणि सिराया? डच १६६२ साली बेट सोडून गेले, तरी त्यांनी शिकवलेल्या रोमन अक्षरांत हे लोक पुढे दीडशे वर्षे आपल्या जमिनींची खरेदीखते व गहाणखते लिहीत राहिले. जमिनी हळूहळू चिनी वसाहतवाल्यांच्या हाती गेल्या आणि भाषाही बोलण्यातून गेली. २०२२ च्या ऑक्टोबरात तैवानच्या घटनापीठाने निकाल दिला की आदिवासी म्हणून मान्यता मिळण्याचा सिरायांचाही हक्क आहे. त्यांची आजची मुले पूर्वजांची भाषा पुन्हा शिकू पाहत आहेत, आणि त्यांना शब्द पुरवतो तो मुख्यत्वे १६६१ सालचा तोच ग्रॅव्हियस.